तांडेल सरांचं नाव

७ नोव्हें., बोईसर
बारावीला धड्यांच्या ॲपवरचा हृदयाचा व्हिडिओ दाखवला, तांडेल सरांच्या लॉगिनवरून. सर गणपतीत वारले. पासवर्ड अजून स्टाफरूमच्या कपाटात आतून चिकटवलेला, त्यांच्याच अक्षरात. कॉपी करणाऱ्याला धाक म्हणून पडद्यावर सारखं त्यांचं नाव तरंगतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सर आले." पोरं हसली.

१० नोव्हें.
सालवडची मनीषा मागे लागली, "मॅडम, घरी बघायला द्या ना." ॲप रेकॉर्डिंग करू देत नाही, स्क्रीन काळी होते. मी अतिशहाणी. लॅपटॉपसमोर मोबाईल उभा करून सगळे धडे टिपले, ग्रुपवर टाकले. प्रशिक्षणात बजावलं होतं: वर्गात दाखवणं वेगळं, कुलूप चुकवून वाटणं वेगळं. पण शिकवायलाच तर...

२४ नोव्हें.
व्हिडिओ कुठल्या कुठे पोचलेत. पालघरच्या एका क्लासमध्येही चालतात म्हणे. प्रत्येकावर सर तरंगतायत.

२ डिसें.
मुरब्याहून वहिनींचा, सरांच्या बायकोचा फोन. ॲपवाल्यांची नोटीस आलीय, सरांच्या नावे. "बाय, इंग्रजी हाय. येऊन वाचून दाखव."

३ डिसें.
गेले. अंगणात बोंबील वाळत होते. वाचलं. धडे चोरून वाटले, खुलासा द्या, नाहीतर कोर्ट.
"ह्यांनी चोरी केली, असा लिवलाय काय?"
"ॲपवाल्यांची काहीतरी चूक झालीय, वहिनी." हे मी म्हणाले. मीच.
"मंग बरोबर. ह्यांनी कॉलेजचा खडू पन कदी घरी आनला नाय."
निघताना पिशवीत बोंबील घातले. घरभर वास. घशाखाली उतरत नाहीत.

५ डिसें.
प्राचार्यांनी विचारलं, लॉगिन कोण वापरत होतं? कोणीतरी म्हणालं, तांडेलच, गणपतीआधीच टिपले असतील. सगळे गप्प. मीही. माझी नोकरी तासिकेवर, एका सहीने जाईल. लाज वाटते, पण भीती जास्त वाटते.

८ डिसें.
'हे मी केलं.' एवढंच लिहिलेला मेल तीन दिवस न पाठवता तसाच पडून आहे. खुलाशाची मुदत उद्या.
ॲपवरचं सरांचं खातं बंद झालं. तरी वर्गात रिकाम्या पडद्याकडे बघवत नाही. कपाटातला पासवर्डचा कागद काढायला गेले. फाटला, नावाचा तुकडा दाराला तसाच राहिला.
संध्याकाळी वहिनींचा फोन. "त्या ॲपवाल्यांनी चूक कबूल केली काय गो?"
म्हटलं, उद्या सांगते.