दहापैकी किती

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, पंचवीस तारखेला, ही बातमी तू पडदे धुतल्याच्या बातमीखाली लिहिलीस. मास्तराची मुलगी तू, मुद्दा लपवायची खोड कुठून लागली? लाल पेन्सिल उचलली होती, ती खाली ठेवली. तुझं पत्र न तपासता राहण्याची ही पहिलीच वेळ.

पिटुकलीला मी धीराच्या चार ओळी लिहाव्यात म्हणतेस. नातीला मराठी येत नाही, आजोबाला स्पॅनिश येत नाही, मधला पूल तू. तो पूलच... जाऊ दे. तू धाडलेलं स्पॅनिशचं पुस्तक उघडलंय. 'आई बरी होवो' यातलं 'होवो' कोणत्या धड्यात आहे, तेवढं कळव. माझे कान गेलेले, फोन काय कामाचा?

जिवाला जप. तुझ्याशिवाय माझ्याकडे तपासायला कुणाची वही नाही.
तुझा बाबा

दि. १२ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

धडा एकोणिसावा. नियमित क्रियापदंच घ्या, बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नका. 'आर'ने संपणारी 'ए' घेतात: आब्ला म्हणजे बोलते, आब्ले म्हणजे बोलो. 'एर' आणि 'ईर'वाली 'आ' घेतात: कोमे म्हणजे खाते, कोमा म्हणजे खावो. बहिणींनी एकमेकींचे फ्रॉक घालावेत तसं. आधी 'एस्पेरो के' लावायचं, म्हणजे 'आशा आहे की'. आणि हसू नका, 'तेमो के', म्हणजे 'भीती वाटते की', त्याच्यापुढेही हेच रूप येतं. शिकले तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता पटतं.

पिटुकली माझ्या झग्याचं टोक धरून घरभर फिरते. तुमचे जावई सगळ्यांना हसवतात आणि न्हाणीघरात जाऊन रडतात. तुमचा कागद तीच तपासेल. खुणा लाल, गुण मागच्या बाजूला आणि ते मोठ्या माणसाने द्यायचे, कागदावर दुसरं अक्षर लिहायचं नाही: तुमचे सगळे नियम तिला पढवलेत.

मायेत उणं पडू देऊ नका.
तुमची भिंगरी

दि. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सोबत पिटुकलीसाठी दहा वाक्यं. आई खावो, आई बोलो, आई चालो. आपल्या शाळेतल्या कवितांत ओळीच्या शेवटी होवो, राहो, नांदो यायचं. वर्ग एका सुरात म्हणायचा, मी खिडकीबाहेर बघत छडीने ताल धरायचो. तीस वर्षं पोरांकडून म्हणवून घेतलं, स्वतः कधी काही मागितलं नाही. आता परक्या भाषेत मागायला बसलोय, तर एकेक ओळ तीनतीनदा खोडतोय.

पुस्तक म्हणतं, 'मी' आणि 'ती' यांना इथे एकच रूप. मग तिच्याऐवजी मला टेबलावर घ्या म्हटलं, तर डॉक्टरांना फरक कळायचा नाही. थट्टा करतोय. फार भ्यालोय, बये.

तुझा बाबा

दि. ११ मार्च

चि. भिंगरीस,

आज पाकीट आलं. पत्ता पिटुकलीच्या गोल अक्षरात. आत फक्त माझा कागद. 'आर' आणि 'एर'ची चार ठिकाणी अदलाबदल केली होती मी, त्या चारी खुणा पोरीच्या हातच्या. चिठ्ठी नाही, बातमी नाही. मी जिन्यातच बसलो. वरच्या मजल्यावरची बाई पाणी घेऊन आली, कुणाचं काही वाईट झालं का, विचारायला लागली. मी कागद तिच्यापुढे धरला.

मग आठवलं, दुसरं अक्षर लिहायचं नाही, हा नियम माझाच. पोरीने पाळला होता. आणि गुण मागे, मोठ्या माणसाने द्यायचे. मोठी माणसं त्या घरात दोन होती, तू आणि जावई. कागद उलटायला माझा हात धजेना. शेवटी त्या बाईलाच उलटायला लावला.

कोपऱ्यात, तीन मार्चच्या तारखेखाली, ओळ सोडून घसरलेलं, मराठीत: दहापैकी सहा. अक्षर वाईट.

तो 'क्ष' मी कुठेही ओळखीन. तिसरीपासून तुला तो जमलेला नाही.

तुझंही अक्षर वाईटच आहे, भिंगरे. फार वाईट. चष्मा पुसून पुसून वाचतोय. यावेळी दहापैकी दहा.

तुझा बाबा