गिरजाबाईवरचा आळ उतरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
बाह्यवळण रस्ता प्रकल्प, शाखा राजटोला.
(सध्या मुक्काम: लोकार्पण सोहळ्याचे व्यासपीठ, मंत्रीसाहेबांच्या शेजारची खुर्ची)

अर्जदार: शमीमबी अयूब शेख, धंदा नाटकाचे कपडे शिवणे, रा. मोमीनपुरा, राजटोला.
लिहून देणार: संघपाल हरिदास खोब्रागडे, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर.

विषय: गिरजाबाई हरिदास खोब्रागडे, रा. भीमनगर, हिने वस्तीवर रस्ता आणला, हा आळ साहेबांनी स्वतःच्या तोंडाने खोटा ठरवणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज, आणि त्या सर्वांना मिळून आलेले आपले एकच उत्तर: "सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही."

महोदय,

विनंती अर्ज करण्यात येतो की, हा कागद साहेबांच्या हाती पुष्पगुच्छासोबत पडेल अशी तजवीज केली आहे. कार्यालयात दिलेले अर्ज साहेबांपर्यंत पोचत नाहीत, असा अर्जदाराचा अनुभव आहे. व्यासपीठावरून मात्र साहेबांना उठून जाता येत नाही. पाहुण्यांची भाषणे लांबतात, तेवढ्या वेळात हे सावकाश वाचून होईल. चेहरा तेवढा हसरा ठेवावा, समोर सगळा तालुका बसला आहे.

लिहून देणार हा गिरजाबाईचा मुलगा आहे, हे तो लपवत नाही. मागचे अर्ज त्याने कचेरीच्या भाषेत लिहिले होते. ते कोणी वाचले नाहीत. या खेपेस अर्जदार त्याला म्हणाली, "संघपाल, आता मी बोलतो तसंच लिव. कोण बोलून राह्यलं ते त्या साहेबाले समजलं पाह्यजे." म्हणून तिने सांगितले तसे लिहिले आहे, भाषा तेवढी लिहिणाऱ्याच्या सवयीने कचेरीची आली आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत. त्यामुळे अर्ज बराच आखूड झाला.

१. अर्जदार आणि गिरजाबाई यांचा धंदा एकच होता आणि तो दोघींत मिळून चाले. धान कापून झाले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावच्या मंडईच्या जत्रेत खेळ करतात, हे साहेबांना सांगायला नको. त्या कंपन्यांच्या राजाचा अंगरखा, राणीचा घागरा, इन्स्पेक्टरची वर्दी अर्जदार कापायची आणि गिरजाबाई शिवायची. जर आणि टिकल्या लावण्यात गिरजाबाईचा हात कोणी धरू शकत नव्हते. अर्जदाराचा नवरा अयूब पेंटर पडदे रंगवी. एकीचे घर मोमीनपुऱ्यात, दुसरीचे भीमनगरात, आणि मध्ये मंडईचे मैदान. कापड खांद्यावर टाकायचे आणि मैदान ओलांडून जायचे, एवढेच अंतर. दोघींचा निम्मा जन्म त्या मैदानावर ये-जा करण्यात गेला आणि त्याबद्दल दोघींचीही तक्रार नव्हती.

२. दर साली हंगामाच्या तोंडावर कंपनीची माणसे मैदानावर येत. टेप धरीत, खुंट्या ठोकीत, चुना टाकून मंडप आखीत. मग पोलिसांच्या परवानगीसाठी शेजाऱ्यांचा एक कागद लागे, की रात्री भोंगा वाजेल त्याला आमची हरकत नाही. तो कागद घरोघरी फिरवण्याचे काम गिरजाबाईचे. लोक तिचे तोंड पाहून सही करत, अंगठा देत, कागद कोणी वाचत नसे. वाचायचे काय त्यात? नाटक सगळ्यांनाच पाहिजे होते.

१९९८ सालच्या दिवाळीच्या आधी साहेब स्वतः मैदानावर आले. सोबत टेप होता, खुंट्या होत्या, चुन्याचे पोते होते. लोकांनी काय समजावे? वस्तीच्या पोरांनी धावत जाऊन टेपचे टोक धरले. म्हाताऱ्यांनी दगड बाजूला केले. गिरजाबाईने अंगणात खाट टाकली आणि साहेबांना दुधाचा चहा पाजला. तिने कौतुकाने विचारले, "साहेब, यंदा कोणती कंपनी हाय?"

महोदय, या जागी आपण एक शब्द बोलला असता तर आज हा अर्ज नसता. आपण सोबतच्या माणसाकडे पाहून हसलात. नंतर एका नाटकाचे नाव सांगितलेत, जे कोणत्याच कंपनीकडे नव्हते. वर म्हणालात, "बाई, राणीचा घागरा यंदा भारी शिवा." मग पिशवीतून कागद काढून गिरजाबाईच्या हाती दिलात आणि म्हणालात, "शेजाऱ्यांची नेहमीसारखी हरकत नाही म्हणून सही घेऊन द्या." अर्जदार तेव्हा त्याच अंगणात बसून काजे करत होती. तिने हे सगळे आपल्या कानांनी ऐकले आहे. साहेबांचे ते हसणे तिला अजून जसेच्या तसे आठवते, आणि आठवले की सुई बोटात जाते.

३. मागाहून कळले ते असे. रस्ता आधी भात गिरण्यांच्या मागच्या पडीक जमिनीतून जायचा होता. गिरणीवाल्यांनी हरकती घेतल्या, वकील उभे केले, मग आखणी सरकत सरकत मंडईच्या मैदानावर आली. गिरणीवाल्यांना नकाशा दाखवला आणि आम्हाला चुना दाखवला. साहेबांनी वर कळवले की स्थानिक रहिवाशांची लेखी संमती आहे. संमती कशाला होती ते मात्र कळवले नाही. नाटकाच्या भोंग्याला होती.

४. शहरातील गर्दी कमी करणे हा रस्त्याचा उद्देश असल्याचे आपल्या फलकावर लिहिले आहे. गर्दी कमी झाली हे अर्जदार प्रामाणिकपणे मान्य करते. ब्रह्मपुरीच्या जीपा आता गावात शिरत नाहीत, म्हणून चैतूची चहाची टपरी बसली, पंक्चरवाला बसला, बांगड्यांचे दुकान बसले. मैदानच राहिले नाही म्हणून कंपन्यांनी तोंड फिरवले. रस्त्याचा भराव घरांच्या छपराइतका उंच आहे, त्यात माणूस जाईल एवढे भोक ठेवायचे कोणाला सुचले नाही. पावसाळ्यात भीमनगरचे पाणी अडते आणि चुलीपर्यंत येते. मोमीनपुऱ्यातल्या मुली भरावापलीकडच्या शाळेत जायच्या, त्या घरी बसल्या, कारण ट्रकांमधून त्यांना पळवत नेणार कोण. आता जे भरधाव जातात त्यांना राजटोला नावाचे गाव इथे आहे हेही ठाऊक नसते, आणि आम्ही मात्र त्यांचा धूर खातो.

५. पण अर्जदाराचा मूळ मुद्दा हा नाही. धूर सगळेच खातात. मूळ मुद्दा गिरजाबाई.

रस्ता आला तेव्हा लोकांना साहेब सापडले नाहीत, गिरजाबाई सापडली. सह्या तिने घेतल्या होत्या. नळावर गेली की बाया आपल्या बादल्या सरकवून घेत. चैतू तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, साहेबाकडून काय भेटलं तुले, ते तरी सांग." ज्या घरांच्या लग्नाच्या चोळ्या तिने शिवल्या त्या घरांनी तिला बारशालाही बोलावले नाही. ती कोणाशी भांडली नाही. तिने फक्त मान खाली घातली आणि ती मान पुन्हा वर केली नाही.

त्यातच मागल्या हिवाळ्यात, उरल्यासुरल्या कामाचे शिवून झालेले कपडे अर्जदाराकडे पोचवायला म्हणून ती भराव चढली. गाठोड्यामुळे तिला ट्रक दिसला नाही. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिने अर्जदाराचा हात धरला आणि म्हणाली, "शमीम, बरं झालं. माह्या सहीची शिक्षा मले भेटली."

हे वाक्य लिहिताना लिहून देणाऱ्याचा हात थांबला होता. अर्जदाराने पुढे लिहायला लावले.

महोदय, पाय गेला त्याला ट्रक जबाबदार असेल, भराव असेल, नशीब असेल. पण ते वाक्य गिरजाबाईच्या तोंडात आपण घातलेत. त्याबद्दल अर्जदार आपल्याला माफ करत नाही, करणार नाही, आणि मेल्यावर वर विचारणा झाली तर तिथेही करणार नाही.

६. तरीही अर्जदार रीतीने वागली. ती कार्यालयात आली. साहेबांनी तिला ओळखले नाही. साहेबांनी भरपाईची गोष्ट काढली तेव्हा अर्जदार म्हणाली, पैसा नको, भीमनगरात येऊन चार लोकांसमोर एवढेच सांगा की या बाईला मी फसवले. साहेब म्हणाले, "बाई, विकास म्हटलं की कोणाचं ना कोणाचं काही तरी जातंच." अर्जदाराने विचारले, "मग साहेब, तुमचं काय गेलं?" यावर शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर काढले. ती पायरीवर जरा वेळ बसली आणि तिथेच तिने ठरवले की साहेबांचेही काही तरी गेले पाहिजे.

७. अल्लाची मेहरबानी अशी की गेल्या महिन्यात आपल्याच कार्यालयाचा बाबू मोमीनपुऱ्यात आला. रस्त्यावर वाहतूक सुरू होऊन किती दिवस झाले, पण लोकार्पण राहिले होते. मंत्रीसाहेब येणार, व्यासपीठ शोभले पाहिजे, मागे मखमली पडदा पाहिजे. गावात पडदा टांगणारे घर एकच. अर्जदाराने काम आनंदाने घेतले. बाबूला चहासुद्धा पाजला.

तो पडदा या क्षणी साहेबांच्या पाठीमागे टांगलेला आहे. लाल मखमल, सोनेरी झालर. सगळे तारीफ करून राहिले असतील. मखमलीच्या वर, झालरीआड, बांबूला गुंडाळलेला दुसरा पडदा आहे. नाटकात राजवाडा जाऊन जंगल येते ते असेच येते. दोर सोडला की पडदा एका दमात खाली पडतो आणि मखमल झाकली जाते.

८. दुसऱ्या पडद्यावर काय आहे, हे जाणून घेण्याचा साहेबांना अधिकार आहे. अयूब पेंटरने उमेदीत पुष्कळ राक्षस रंगवले, पण तो म्हणतो की असा एकही जमला नव्हता. गिरजाबाईचे अंगण आहे, खाट आहे, खाटेवर साहेब सफारीत बसले आहेत. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात गिरजाबाईकडे सरकवलेला कागद. बाजूला टेप, खुंट्या आणि चुन्याचे पोते. चेहरा हुबेहूब आहे. अयूबने त्यासाठी कार्यालयासमोरच्या पानठेल्यावर बसून साहेबांना येता-जाता नीट पाहून घेतले. हसणे मात्र अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे काढले आहे आणि ते बरोबर उतरेपर्यंत त्याच्याकडून पुन्हा पुन्हा पुसून घेतले. खाली, नाटकाच्या जाहिरातीत लिहितात तशा ठळक अक्षरांत, साहेबांचे नाव आहे, हुद्दा आहे आणि आपण गिरजाबाईशी जे बोललात ते शब्द आहेत. पडदा मोठा आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता येईल. साहेबांची पाठ तिकडे असल्यामुळे साहेबांना तो सगळ्यांत शेवटी दिसेल.

९. अर्जदाराचे म्हणणे होते की काही कळवायचे नाही, थेट दोर सोडायचा. परंतु गिरजाबाईला हे समजले तेव्हा ती म्हणाली, "नाई शमीम, असं नको करू. त्याच्या घरी पण बायकोपोरं असतीन. त्याले एक मोका दे." जिचा पाय गेला ती असे बोलते, याचा अर्जदाराला फार राग आला. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी गिरजाबाईचे ऐकावे लागले, कारण फसवणूक तिची झाली आहे आणि मोका देण्याचा हक्कही तिचाच आहे. म्हणून हा अर्ज.

सबब, आपले भाषण मंत्रीसाहेबांच्या आधी आहे. माइकसमोर उभे राहून आपण एवढेच सांगावे की, गिरजाबाई खोब्रागडे हिला मी नाटकाचा मंडप म्हणून खोटे सांगितले, सह्या फसवून घेतल्या, तिची काही चूक नाही. गिरजाबाई कुबड्या घेऊन आज प्रथमच घराबाहेर पडली आहे आणि बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली आहे. भीमनगर आणि मोमीनपुरा, दोन्ही वस्त्या तिच्या मागे आहेत. चैतूही आहे. साहेब तसे बोलले तर बांबूचा दोर सुटणार नाही, पडदा गुंडाळलेलाच घरी जाईल, असा शब्द अर्जदाराने गिरजाबाईला दिला आहे आणि ती तो पाळेल.

दोर अर्जदाराच्या हातात आहे. गाठ तिने स्वतः मारली आहे, ती दुसऱ्या कोणाला सुटत नाही आणि आवळतही नाही. शिपाई पाठवू नये, तो पोचायच्या आत पडदा पडेल.

खरे बोलण्याची संधी साहेबांना याप्रमाणे रीतसर देण्यात आली आहे. आता अर्जदार स्वतःच्या मनातले सांगते. अयूबने त्या पडद्यावर फार मेहनत घेतली आहे, आणि तिने चार वर्षे वाट पाहिली आहे. तरी साहेबांनी आजही नेहमीसारखे गप्पच राहावे, ही नम्र विनंती.

आपली,
आजपर्यंत नम्र असलेली,

शमीमबी अयूब शेख
(सही स्वतःची, कागद पूर्ण वाचून घेऊन केलेली)

राजटोला, दि. १२ जानेवारी २००३

सोबत: काही जोडलेले नाही. जे जोडायचे ते वर टांगले आहे.