गोटीच्या वजनाचे पोते

३ मार्च
सामान आले. लोखंडी खाट एक, कपाट एक, शिवणयंत्र, भांड्यांची खोकी, गाद्यांचे गाठोडे. ट्रकभाडे नऊशे ठरले होते. ड्रायव्हरने जिन्याचे म्हणून शंभर वाढवून मागितले, चहा पाजून पन्नासवर भागवले. आरसा तडकला, पण चेहरा दिसतो, तेव्हा नवा घ्यायचे कारण नाही.

दोन खोल्या, दुसरा मजला, भरपूर उजेड. देवाने मागितल्यापेक्षा जास्तच दिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून करमणूक-बाग दिसते, म्हणजे पुढे दिसेल. सध्या चिखल, सळ्यांचे भारे आणि मधोमध आकाशपाळण्याचा सांगाडा. हे तिथेच जोडारी म्हणून लागले आहेत. समोरच्या दारातली बाई लगेच येऊन ओळख करून गेली. तिचा नवरा क्रेन चालवतो, म्हणून सगळे तिला क्रेनवाली म्हणतात. तिने सांगितले की इथे पूर्वी नुसती दलदल होती, भराव टाकून वस्ती वाढली, आणि आता बाग आधी होणार नि दवाखाना मागाहून. म्हणजे पडायची सोय झाली, मलमपट्टीची बघू, असे म्हणून स्वतःच हसली.

गोटी खिडकी सोडायला तयार नाही. आमची एकुलती एक, सहा वर्षांची. जन्मली तीच गोलमटोल, म्हणून बापाने ठेवलेले हे लाडाचे नाव. आकाशपाळण्यात पहिली मीच बसणार, असे तिने जाहीर करून टाकले आहे.

९ मार्च
घरबसल्या काम मिळाले. आकाशपाळणा लोकांसाठी उघडण्याआधी पाळण्यांत माणसांच्या वजनाची वाळूची पोती बसवून फिरवून बघतात. पोती शिवायचे काम इमारतीतल्या बायकांनी वाटून घेतले. माझ्या वाट्याला तीन आली: एक पुरुषाच्या वजनाचे, एक बाईच्या, एक मुलाच्या.

कापड आले ते कोरे करकरीत, जाडजूड. ते वाळूत घालवायला माझा हात धजेना. यांचा कोपरावर विरलेला खाकी शर्ट, माझा फुलाफुलांचा जुना गाऊन आणि गोटीचा आखूड झालेला पिवळा फ्रॉक काढला. दुहेरी करून, आतून अस्तर लावून, गळे-बाह्या शिवून टाकल्या. कोऱ्या कापडाचे पडदे होतील, गोटीला दप्तर होईल. हे म्हणाले, अगं, ते कंपनीचं कापड आहे. मी म्हटले, कंपनीला पोती हवीत ना, पोती मिळतील.

वजन अंदाजाने चालणार नव्हते. बागेच्या कामावरच्या भांडारातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात हे बसले, दुसऱ्यात त्यांच्या शर्टाचे पोते ठेवून वाळू भरली. मग मी बसले, मग गोटी. भांडारवाले काका म्हणाले, हिच्यापायी आमचा वाळूचा ढीग संपायचा. तोंडे शिवताना सवयीने देवाचे नाव घेतले, आणि ज्याचे पोते त्याचेही नाव घेऊन सुखरूप ठेव म्हटले.

१४ मार्च
आज पहिली चाचणी. अर्धी वस्ती कुंपणाला लागून उभी होती. आकाशपाळणा कुरकुरत निघाला आणि मग छान लयीत फिरू लागला. गोटी टाळ्या पिटून सांगत होती, बघा बघा, माझा फ्रॉक वर गेला. क्रेनवाली म्हणाली, तुम्ही तर घरच्या घरी सहकुटुंब बसून आलात, तेही फुकटात.

बागेच्या कामावरचे साहेब खुशीत होते. भरावाची जमीन मऊ, पाया तग धरतो की नाही याची त्यांना धास्ती होती, असे हे म्हणाले.

१७ मार्च
भांडारवाल्या काकांनी निरोप धाडून बोलावले. माझी तिन्ही पोती हलकी झाली होती. बाकीच्या बायकांची जशीच्या तशी. काका म्हणाले, वहिनी, शिवण ढिली पडली तुमची. मी टाका न् टाका तपासला. एक सैल नव्हता. पाळण्यात वाळूचा कण नव्हता, आणि पोती दिसायला तशीच टम्म फुगलेली. काकांनी डोके खाजवले आणि वाळू ओली असेल, सुकली, असे ठरवून टाकले.

यांची कंबर दुखायची थांबली. शिडीवर पोरासारखा चढतो आता, म्हणून स्वतःच सांगत होते. देवाची कृपा.

२२ मार्च
चाचणी रोज चालते. पोती जागीच सील केली आहेत, सरकारी तपासनीस येऊन शिक्का मारीपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, मुलीला नीट खायला घाला. मला राग आला. गोटी माझ्यापेक्षा जास्त जेवते. बाईंना भेटायला गेले तर त्यांनी मैदानातली सीसॉ दाखवली. एका टोकाला गोटी, दुसऱ्याला तिच्याहून लहान, काडीसारखी मुलगी. गोटी वरच राहिली. मुले हसत होती, तीही हसत होती. गाल तसेच, पोट तसेच. घरी येताना उचलून घेतली आणि

हाताला काही लागलेच नाही, म्हणजे फ्रॉक उचलावा तसे.

२३ मार्च
तिला भांडारात नेऊन तराजूत बसवली. समोर काकांनी वजने ठेवली, काढली, पुन्हा काढली. मग म्हणाले, तराजू बिघडला. मी पारड्यात बसले. म्हणाले, बिघडलाच आहे. माझ्याकडे न बघता म्हणाले.

पोत्यांबरोबर आमचेही वजन जाते आहे, हे मला उमगले आहे आणि सांगायला गेले तर कोणी ऐकून घेणार नाही.

२५ मार्च
साहेबांकडे गेले. कापडाची गोष्ट सांगितली, कोरे कापड परत आणले होते ते टेबलावर ठेवले, माझी पोती उतरवून द्या म्हटले. साहेब चांगले माणूस, खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाले, कापडाचं एवढं काय मनाला लावून घेता, ठेवा तुम्हाला. पोती मात्र उतरवता येणार नाहीत. सील तोडले तर चाचणी पहिल्यापासून, उद्घाटन पुढे, आणि सगळ्या वस्तीला तारीख कळली आहे. शिवाय पाया आता असा काही भक्कम बसलाय, म्हणाले, जमिनीत जणू शिसं ओतलंय. दृष्ट लागू नये.

यांना सांगितले. तुझं आपलं काहीतरीच, म्हणाले. मग म्हणाले, नोकरी घालवू नकोस गं माझी. बोलताना खाटेवर बसले होते. गादी दबली नव्हती.

२७ मार्च
खिशात कात्री घेऊन गेले. कुंपणाच्या आत जाऊ दिले, आता सगळे ओळखतात. पण आकाशपाळणा थांबतच नाही. पिवळा फ्रॉक खाली येतो, हात लांब करावा तोवर वर जातो. शेवटी चालकाने हात धरून बाजूला केले. वहिनी, म्हणाला, तुम्ही वाऱ्याने पडाल. त्याला गंमत वाटत होती.

गोटीला ओढणीने कमरेशी बांधते. क्रेनवाली म्हणाली, दोन-चार किलो माझेही घे म्हणावं त्या पाळण्याला. पुण्य लागेल.

मला हसू आले. रडूही.

२९ मार्च
सकाळी यांना जाऊ नका म्हटले. पाया पडले. एका माणसाने घरी राहून आभाळ कोसळत नाही, असेही म्हटले. तेल द्यायचं आहे, अर्ध्या तासाचं काम, म्हणाले, आणि गेले.

वारा सुटला होता.

क्रेनवाला धावत आला. तुमचे मालक वरून पडले, म्हणाला. मी गेले. खाली काही नव्हते. चिखलावर खूण नाही. सगळे पाळण्याखाली शोधत होते, पत्र्यांमागे शोधत होते. मी क्रेनवाल्याला विचारले, पडताना पाहिलेत का. तो वर बघू लागला. पुन्हा विचारले. हात सुटला एवढं पाहिलं, म्हणाला.

पडले नाहीत. पडले असते तर निदान—

३० मार्च
साहेबांनी हजेरीत गैरहजर लिहिले. चार दिवस वाट बघू म्हणाले. माणसं कंटाळून निघून जातात, येतात परत. देव करो.

चाचणी चालू आहे. खाकी पोते सपाट झाले. आता पाळण्याला फक्त कापड टांगल्यासारखे दिसते—

गोटी विचारते, बाबा कुठे. मी वर बघत नाही.

१ एप्रिल
तपासनीस आला. शिक्का मारला. वस्तीत असा पाया दुसरा नाही, म्हणाला. पोती उतरवून जाळली—मी मागायला निघाले होते—जिन्यात वारा होता, कठडा सोडता येईना—

उद्या उद्घाटन. तिकिटाला आत्ताच रांग. सगळे ठेवणीतले कपडे घालून. खिडकीतून ओरडले. त्यांनी हात हलवले.

आवाजही पोचत नाही माझा—

२ एप्रिल
गोटीला धाडले. क्रेनवाली आणि तिचा नवरा तिला माझ्या दादाच्या गावच्या गाडीत बसवून आले. काचा बंद. फ्रॉकच्या घेरात वरवंट्याएवढे दगड शिवून दिले. रडली नाही. हात सोडताना म्हणाली, आई, तूही—

मला दारापर्यंतही—

खाटेचा पाय धरून लिहिते आहे. पेन कागदावर उमटत नाही, दाबावे लागते, दाबायला जोर—

बाहेर वाद्ये वाजत आहेत. सगळे पाळणे भरले. हसतात—

दादा, पत्र लिहायला वेगळा कागद नाही, क्रेनवाली आली की हेच पान फाडून टपालात टाकील. गोटी पोचली असेल. दगड काढू नकोस. उघड्यावर नेऊ नकोस. तिथे इतक्या लांब कदाचित पाळण्याचा हात पोचत नसेल, कदाचित तिचे तिला परत—रोज कडेवर घेऊन बघ. आज हाताला काही लागले का, कालच्यापेक्षा थोडे तरी. माझे विचारू नकोस. एवढेच कळव, एक ओळ पुरे, आजच, उलट टपाली—

खिडकी उघडली. कडी लावायला हवी होती, मी खाट सोड