सिस्टर क्विरिनाबद्दल मी दिलेली साक्ष

प्रिय लाविनिया,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. बोटं आखडतात हे खरं, पण कारण ते नाही.

आमची सिस्टर क्विरिना गेली. मी मठात आले त्याच वर्षी आलेली, स्वयंपाकघरात साऱ्यांना हसवणारी. आता खालच्या गावातल्या बायका तिच्या झग्याचा तुकडा मागायला येतात. "संतीण होती हो!" म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी याच बायका चर्चच्या जाळीला लटकून तिच्यातला सैतान बघत होत्या.

त्या वर्षी उपवासाच्या दिवसांत क्विरिनानं अन्न सोडलं. आधी सगळ्या म्हणाल्या, केवढी भक्ती! मग एका सकाळी पवित्र भाकर जिभेवर ठेवताच ती किंचाळली, थुंकली, क्रुसाला शिव्या देऊ लागली. आजाऱ्यांची सेवा माझ्याकडे. नऊ दिवस मी तिला एकटीनं धरून बसले. दहाव्या दिवशी फादर तिबुर्त्सियोंनी विचारलं, "हा आजार आहे की आणखी काही?" मी म्हटलं, "फादर, ही क्विरिना नाहीच. हिच्यात कुणीतरी शिरलंय."

तीन महिने तिला खुर्चीला बांधून, तोंडावर पवित्र पाण्याचे हबके मारत फादर ओरडायचे, "नाव सांग तुझं!" एकदा ती म्हणाली, "नाव मग सांगते, आधी पाणी कोमट करा. सैतानालासुद्धा थंडी वाजते." लोक भेदरले. मी ओळखलं, ती आमचीच क्विरिना होती, थट्टा करत होती. तरी मी गप्प राहिले. शेवटी तिनं पाच नावं सांगितली, पाचही सैतान निघाले म्हणून घंटा वाजल्या. त्यानंतर तिनं फक्त फरशा पुसल्या. पुन्हा कधी कुणाला हसवलं नाही.

ती जायच्या आदल्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. म्हणाली, "तू दमली होतीस गं, एवढंच." खरं होतं ते. मला झोपायचं होतं, लाविनिया. तिला दुसऱ्या कुणीतरी न्यावं, एवढंच हवं होतं. परवा बिशपांचा माणूस तिच्या पावित्र्याची खूण विचारायला आला. मी तिचं हे वाक्य सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं नाही. संतांच्या देहाला येतो म्हणतात तसा सुगंध आला का, विचारलं.

तू लिहिलंयस की तुझी ओर्तेन्सिया जेवत नाही, प्रार्थनेला उभी राहिली की थरथरते. सासूबाई म्हणतात पोर संतीण होणार, आणि तुमचे फादर म्हणतात सैतान काढावा लागेल. सैतान काढायला माझा होकार मागितलायस. तो मी देत नाही. दोघांनाही तिच्या खोलीच्या दारातून परत पाठव. शेजारणीला बसवून आधी तू झोप काढ, मग लेकीजवळ बैस. जेवली नाही तरी बैस. ती काय वाट्टेल ते बोलली, तरी ती ओर्तेन्सियाच आहे. फादर रागावले, तर माझं नाव सांग.

तुझीच ताई,
दोमितिल्ला