जात्याची वरची तळी

बये, तू गेलीस त्या वयापेक्षा तुझी लेक आता मोठी झाली. गुडघे बोलतात, पिठाचा डबा उचलताना दम लागतो. तरी आज मला लई आनंद झालाय, आणि तो ऐकायला घरात कुणी रिकामं न्हाई. म्हणून तुला लिहिते. चौथीपर्यंतचीच शाळा माझी, चुका काढू नकोस.

दुपारी मेथी निवडत बसले हुते, तर नात मोबाईल घेऊन पळत आली. "आज्जी, ठेव ती मेथी. आपला माणूस वर गेलाय, त्याचं यान आता स्टेशनाला लागणार!" मी म्हटलं, "वर कसलं स्टेशन? आपल्या खर्डा गावाला अजून रेल्वे न्हाई." हसली मेली. म्हणाली, पृथ्वीभोवती फिरणारं घरच हाय ते, माणसं राहतात त्यात, आणि दोन्ही गोळीपेक्षा जोरात पळतायत. "मग धडकतील की गं!" "म्हणून तर हळूहळू जवळ नेतात." बघितलं तर खरंच, यान मुंगीच्या पावलानं सरकतंय, मधोमध नेम धरून. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नजर खिळीवर, हात सोडू नको." पोरगी माझ्याकडंच बघायला लागली.

तुझंच बोलणं ते. जात्याच्या झिजल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून झालेली, टाकीवाली पदरात मजुरीचं जुंधळं घेऊन गेलेली, आणि अंगणात आपण दोघी वरची तळी परत बसवतोय. मी नऊ-दहा वर्षांची. तू त्या बाजूनं, मी ह्या बाजूनं. तळीचं भोक खालच्या खिळीवर बरोबर येतंय, तू म्हणतेस, "हळू, नजर खिळीवर, हात सोडू नको," आणि माझी बाजू सुटते. तुझं बोट दोन दगडांत. आज्जी दारातून कडाडली, "पोरीला धड धरता येईना, सासरी काय दिवे लावनार!" तू बोट पदरात गुंडाळत म्हणालीस, "तिचा न्हाई, आत्याबाई, माझाच हात सुटला." नंतर चुलीपाशी मला एकटीला विचारलंस, "कसा गं सुटला?" मी म्हटलं, घामानं. तू चांगल्या हातानं माझे तळवे पुसलेस.

बोट वाकडंच राहिलं. तुझ्या भाकरीला एका बाजूनं कायम खड्डा पडायचा. त्यात चटणी-तेल मावतं म्हणून भावंडं त्या बाजूचा तुकडा ओढून घ्यायची. मी कधी मागितला न्हाई.

तर यान बसलं, बये. कसलाही आवाज न्हाई, धक्का न्हाई. नात नाचली, मी टाळ्या पिटल्या, मेथी सगळी मांडीवरून खाली. मग एकदम थकवा आला, दिवसभर दळल्यासारखा. नातीनं विचारलं, "खिळीवर म्हणजे काय गं?" मी जात्याचं सगळं सांगितलं, तुझ्या बोटाचंबी. "मग हात कसा सुटला तुझा?" मी म्हटलं, घामानं.

साठ वर्षं झाली, तेच सांगतेय. कंटाळले आता.

माझं लिहिलेलं नात तपासून देते, पण हे तिला दावायचं न्हाई. पिठाच्या डब्याखाली ठेवते. घाम नव्हता, बये. वरून विमान चाललं हुतं, जन्मात पहिल्यांदा दिसलं, आणि मी तोंड वासून वर बघत हुते.