पहिलीच्या खुर्च्यांवर नऊजण

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार
पुन्हा बर्फ. शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी घसरली आणि दिव्याच्या खांबाला जराशी टेकली. कुणी पाहिलं नाही. तरी आत जाऊन मिसेस नोव्हाकना सांगितलं. त्यांनी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. "हनी, खांब उभा आहे ना?"
त्या आमच्या केंद्राच्या प्रमुख. मुलं कमी झाली म्हणून बंद पडलेली ही प्राथमिक शाळा काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, घेतली आणि मोटारींच्या कारखान्यांतून कमी केलेल्या लोकांसाठी इथे वर्ग काढला. पैसा वॉशिंग्टनचा, खुर्च्या पहिलीच्या. नऊ मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवते.
आज लोरेटानं तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश, चार द्वादशांश असं लिहिलं. तिसऱ्यांदा. मग पेन्सिल ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. चौदा वर्षं गाडीच्या सीटांची कव्हरं शिवली. शिलाई एक धागाभरही चुकत नसे म्हणतात. शाळा नववीत सुटली.
दुपारी मिसेस नो.नी सांगितलं. शेजारच्या गावातलं एक मशिन शॉप, धातूचे सुटे भाग कापणारा कारखाना, राज्याच्या कर्जावर वाढतंय, कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशिनं येताहेत. आमच्या परीक्षेत वीसपैकी चौदा मिळवील त्या प्रत्येकाला घेतील. परीक्षा २ मार्चला. नऊपैकी सात पास झाले तरच केंद्राला पुढचा वर्ग मिळेल.
म्हणजे माझीही नोकरी तेवढीच. हे लिहायला नको होतं. आधी त्यांची.

९ फेब्रु., गुरु.
काहीतरी वेगळं करायला हवं होतं, म्हणून आईची पद्धत काढली.
नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. दादा, म्हणजे आमचे वडील, धरणाच्या कामावर ओव्हरसियर. तिथे आधी धरणाची भिंत आली, मग कॉलनीत पाणी, शाळा सगळ्यांत शेवटी. तोवर आम्हा सहा भावंडांना, चुलत धरून, आईनंच पत्र्याच्या क्वार्टरमध्ये शिकवलं. नियम पंगतीचा. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ज्याचं गणित आधी सुटेल त्यानं अडलेल्याला समजवायचं. आमच्यातला बापू रोज अडायचा आणि आम्ही सगळे भुकेले बसायचो. त्यामुळे समजवायला फार चांगलं शिकलो.
वर्गात सांगितलं, या खोलीत आजपासून हाच नियम. सगळ्यांचं होईपर्यंत कॉफी नाही.
वॉल्टर (बावन्न वर्षांचा, वेल्डर) म्हणाला, "सव्वीस वर्षं युनियनमध्ये काढली. कॉफीची सुट्टी कुणाच्या बापाला काढून घेता आली नव्हती." पण मग उठला, पट्टी घेतली, लोरेटाशेजारच्या खुर्चीवर कसाबसा बसला आणि इंचाच्या रेघा तिला मोजून दाखवू लागला. सव्वाअकराला कॉफी. कुणी कुरकुरलं नाही.

१२ फेब्रु., रवि.
ट्रॉयला पेठेकाकांकडे पॉटलक, प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा. मी मसालेभात नेला, मीठ जास्त झालं होतं, सगळ्यांना आधीच सांगून टाकलं. माझा नवरा, सुधीर, म्हणाला, सांगितलं नसतंस तर कळलंही नसतं. (यापुढे सु. लिहिते.)
माझ्या कामावरून विषय निघाला. पेठेकाकांचं म्हणणं, सरकारनं लोकांना नोकऱ्या शिकवत बसायचं कारण नाही, ज्याला गरज असेल तो शिकतो. आपण नाही का आलो, खिशात आठ डॉलर घेऊन, कुणाचा एक सेंट घेतला नाही.
मी भांडत नाही कुणाशी. पण तोंडून निघून गेलं, "काका, तुमच्या इंजिनियरिंग कॉलेजची फी किती होती?"
काकांनी हौसेनं सांगितलं. महिन्याच्या चहाच्या बिलाहून कमी. वर सरकारची मेरिट स्कॉलरशिप, ती वेगळीच. मग पाण्याचा ग्लास उचलला. काकू पोळ्या वाढत होत्या. म्हणाल्या, "बोला की. वर्कशॉपमधली लेथ मशिनं तुमच्या वडलांनी घेतली होती वाटतं?" सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा.

१३ फेब्रु.
उद्धटपणा झाला असं सकाळी वाटलं. काकांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, मी विसरलोसुद्धा होतो. आता पुन्हा आठवण करून दिलीस."

२१ फेब्रु., मंगळ.
बर्फ वितळतंय. वर्गात आता गोंगाट असतो, पण कामाचा. वॉल्टर सुट्या भागांचे नकाशे, ब्लूप्रिंट, वाचायला शिकलाय आणि सगळ्यांना शिकवत सुटलाय. लोरेटा बेरीज करते, वजाबाकीत अडखळते. आज हातचा घ्यायची गोष्ट कळली तेव्हा म्हणाली, "म्हणजे हे कापड बेतण्यासारखंच आहे. अख्ख्यातून घ्यायचं." मी म्हटलं, तसंच आहे.
मुलांना सांगितलंय म्हणाली, की आईला मार्चपासून शिफ्ट असेल. इतक्यात सांगायला नको होतं. पण मी कोण बोलणारी.

२ मार्च, शुक्र.
परीक्षा झाली.
नऊला पेपर वाटले. साडेनऊला ऑफिसात फोन आला म्हणून मिसेस नो.नी बोलावलं. मशिन शॉपचे मालक, त्यांना पुन्हापुन्हा तेच विचारायचं होतं, माणसं कधी मिळणार. दहा मिनिटं, फार तर बारा.
परत आले तर खोलीत नेहमीसारखी कुजबुज. वॉल्टरची खुर्ची लोरेटाजवळ. पट्टी दोघांच्या मध्ये. मला पाहून कुणी दचकलं नाही, कुणी काही लपवलं नाही. ज्यांचं झालं होतं ते पेपर पालथा घालून बाकीच्यांची वाट बघत बसले होते. कुणी उठलं नाही.
तेव्हा लक्षात आलं. परीक्षेत हा नियम नसतो हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आईनं आमची परीक्षा कधी घेतली नाही. मला तो फरक पहिल्यांदा कळला तो शाळेत गेल्यावर, छडी खाऊन. यांना कोण सांगणार होतं? मीच.
तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. नाही बोलले. पेपर गोळा केले. सगळे आनंदात होते.

३ मार्च, शनि.
पेपर तपासले. नऊच्या नऊ पास. लोरेटाला पंधरा.
दोन इंचांतून पाच अष्टमांश वजा करा. उत्तर एक पूर्णांक तीन अष्टमांश. तीन पेपरांत एक पूर्णांक पाच अष्टमांश आहे, वॉल्टरच्या, लोरेटाच्या आणि आणखी एकाच्या. म्हणजे वॉल्टरनं समजावलं आणि चुकीचं समजावलं. हसू आलं. मग नाही आलं.
सु.चं म्हणणं, निकालावर सही कर आणि दे. ते लबाडी करत नव्हते. नोकरी लागली की मशिनवर शिकतीलच, आम्ही सगळे तसेच शिकलो. त्याचं म्हणणं चूक नाही. पण तो असंही म्हणाला होता, गेल्या महिन्यात, की त्याच्या कारखान्यात नवा माणूस तीन भाग चुकीचे कापतो आणि संध्याकाळी कायमचा घरी जातो. तीच आठवण करून दिली. तेव्हा तो चहा ठेवायला उठला.
पुन्हा परीक्षा घेतली आणि लोरेटा नापास झाली तर? माझं मन स्वच्छ राहावं म्हणून तिची शिफ्ट जाणार. हा प्रामाणिकपणा की नुसता सोवळेपणा? दिवसभर ठरवता आलं नाही.

५ मार्च, सोम.
मिसेस नोव्हाकना सांगितलं. सगळं, फोनपासून ते पाच अष्टमांशापर्यंत. चूक माझी, त्यांची नाही, हे दोनदा.
त्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग म्हणाल्या, "तू खोली सोडलीस ती मी बोलावलं म्हणून. त्याचं काय करायचं?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "घरी जा. उद्या ये."

६ मार्च, मंगळ.
मिसेस नो. पोलिश. उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीच्या मंगळवारी त्यांच्याकडे पोंचकी खातात, आलुबुखाराच्या मुरंब्यानं भरलेले, तळलेले गोल वडे. मोठ्ठा खोका घेऊन आल्या. एक माझ्या हातात ठेवला आणि सांगितलं, पुन्हा परीक्षा, शुक्रवारी, नवा पेपर. खुर्च्या दूर दूर. खोलीत त्या स्वतः बसणार, मी बाहेर. मशिन शॉपला आठवड्याची मुदत मागितली आहे, मालक खूश नाहीत. काउंटीला पत्र जाईल, त्यात माझं नाव असेल, त्यांचंही. "आणि वर्गाला तूच सांगायचंस. पोंचकी आधी वाट, मग सांग."
उलटं केलं. आधी सांगितलं. त्यामुळे वडे कुणी खाल्ले नाहीत.
वॉल्टरचा चेहरा लाल झाला. "तू जे शिकवलंस तेच केलं आम्ही." मी हो म्हटलं. "मग?" म्हटलं, कारखान्यात मशिनवर एकेकटं उभं राहायचंय. हे मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.
लोरेटा कोट घालत होती. "तोंड बंद ठेवता आलं असतं तुला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझी मुलं घरी केक करताहेत."
गेली. उद्या येईल का, माहीत नाही.

७ मार्च, बुध.
आली. दहा मिनिटं उशिरा. माझ्याकडे न बघता बसली.
आणि अकरा वाजता पेठेकाका दारात. फरची टोपी, हातात बुटांचं खोकं. सु.नं त्यांना सगळं सांगितलं होतं, मला न विचारता. खोक्यात त्यांच्या प्लँटमधले बाद झालेले सुटे भाग, आणि मापायचा कॅलिपर. मला मराठीत म्हणाले, "अर्धा दिवस रजा टाकलीय. फुकट शिकवतोय, हे पॉटलकला बोलायचं नाही." मग पहिलीच्या खुर्चीवर बसले आणि अडकले. वॉल्टरनं हात देऊन ओढून काढलं.
काकांनी एकेक भाग एकेकाला दिला, सोबत त्याचा नकाशा. हा भाग फेकून का दिला, ते शोधा. एकेकट्यानं. कागदावरचं गणित अडतं तिथे लोरेटा भाग हातात फिरवत राहिली, बोटानं कड चाचपली, मग मापलं. म्हणाली, ही खाच एक अष्टमांश जास्त कापलीय. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, मराठीतच म्हणाले, "आमच्या इन्स्पेक्टरला दोन दिवस लागले होते, बाई." मी इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही, पण दुसरा भाग मागून घेतला.
काल उरलेले वडे आज संपले.

८ मार्च
सराव पेपर. मी घड्याळ लावून बाहेर. वॉल्टर सतरा. बाकीचे पंधराच्या आसपास. लोरेटा बारा. दुपारी थांबून पुन्हा एक सोडवला, तेरा. वॉल्टर शेजारी येऊ लागला तर म्हणाली, "तू लांब राहा, मागच्या वेळी पाच अष्टमांश तूच शिकवलेस मला." त्यानं दोन्ही हात वर केले आणि मागे सरकला.
माझ्याशी बोलली, गणितापुरतं. चौदा होण्यासारखे आहेत. नक्की नाही. खोटं सांगायचं नाही म्हणून तिला तेच सांगितलं. तिनं मान हलवली.

९ मार्च, शुक्र.
मी कॉरिडॉरमध्ये. लहान मुलांसाठीचा पाण्याचा नळ गुडघ्याएवढा, त्याच्या शेजारी. दारातून आवाज नाही. नऊ ते साडेदहा.
सव्वादहाला वॉल्टर बाहेर आला. तसंच, पूर्णांकातून अष्टमांश वजा करायचं गणित होतं म्हणाला, आकडे बदलून. "या वेळी चुकलो नाही." मग एकेक करून बाकीचे. कुणी सिगारेट ओढायला, कुणी सरळ गाडीकडे. लोरेटा शेवटची, मिसेस नोव्हाकनी पेपर मागून घेतल्यावर.
पेपर लिफाफ्यात घालून मिसेस नो.नी माझ्यासमोर चिकटवले. तपासणार काउंटीचा माणूस. निकाल सोमवारी. पुढच्या वर्गाचं पत्रही बहुधा तेव्हाच. माझ्याबद्दल काय ठरलं ते विचारलं नाही. आज विचारायचा दिवस नव्हता.
लोरेटा कोटाची बटणं लावत माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, त्या वजाबाकीच्या गणिताचं विचारील. तिनं विचारलं, त्या मशिन शॉपला बस जाते का. गाडी मोठ्या मुलाला लागते.
मी म्हटलं, निकाल सोमवारी आहे.
"निकाल कधी आहे ते मला माहीत आहे, टीचर. मी बसचं विचारतेय."
घरी येऊन नकाशा टेबलावर पसरला. बस शेवटच्या सिग्नलपर्यंतच जाते. तिथून मैलभर चालायचं, फुटपाथ नाही. पहिली शिफ्ट सातला, पहिली बस तिथे पावणेसातला पोचते. भरभर चाललं तर जमेल. उद्या सु.ला घेऊन ते अंतर एकदा चालून बघते.