तलावातले ड्रायव्हरकाका

४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर ओरडले असते, आणि तलावावर बावीस वर्षं पोहणं शिकवून माझा घसा आधीच बसलाय. म्हणून पत्र. त्या रविवारी तू काठावर बसून माझ्या तासाचा व्हिडिओ मोबाइलवर काढलास नि सगळ्या जगाला दाखवलास. काल भाजीवालीने मला माझीच नक्कल करून दाखवली. बरी करते. माझं काही नाही गं, माझा आवाज मुळातच चारचौघांसाठी आहे.

पण त्यात आमचे ड्रायव्हरकाका आहेत. चौतीस वर्षं बस चालवलेला सहा फुटी माणूस काठाच्या दांड्याला मिठी मारतो आणि मला सोडू नका म्हणून विनवतो. नातीबरोबर पोहायचं म्हणून एकसष्टाव्या वर्षी पाण्यात उतरलेत. तुझा व्हिडिओ आल्यापासून ते आलेलेच नाहीत.

आईला म्हणावं, गुडघा शेकत जा.
तुझी, घसा बसलेली मावशी

८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आई दोनदा हसली, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून. पण माझी बाजू ऐक. मला तुझा अभिमान वाटला म्हणून टाकलं, खोडी काढायला नाही. त्याच मोबाइलवर आईला गुडघ्याचे व्यायाम सापडले, मला नोकरी सापडली. सगळं वापरावर असतं. लोक कौतुकानेच हसले. काकांनी जरा मनाला लावून घेतलं असेल.

दोन लाख लोकांनी पाहिलंय, मावशी! आता काढून टाकायचं जिवावर येतं. खरं सांगते, दुकानात चष्म्याच्या काचा बसवतानाही मी मधूनमधून तो आकडा बघते. परवा एका आजोबांची डावी-उजवी भिंगं अदलाबदल करून दिली. बिचारे दारावर आपटले.

राग पत्रात संपव, माया शिल्लक ठेव.
भिंगरी

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचं वाचून हसले, मग वाईट वाटलं. वापरावर असतं हे खरं. पण इथे वापर तुझा होता नि चेहरा काकांचा.

काल त्यांच्या घरी गेले, तेव्हा कळलं. डेपोतल्या मित्रांनी चहाला बोलावून सगळ्यांसमोर तो व्हिडिओ लावला. एकाने खांबाला मिठी मारून त्यांची नक्कल केली. तेही हसले म्हणे. घरी येऊन मात्र पोहायचे कपडे कुणाला तरी देऊन टाकायला सांगितले. नातीने कारण विचारलं, तर पाणी फार गार असतं म्हणाले.

काढून टाक असं मी म्हणणार नाही. तू मोठी आहेस.
मावशी

२० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बाराचं पत्र मिळालं त्याच दुपारी व्हिडिओ काढून टाकला. ज्यांनी आधीच उतरवून घेतलाय, त्यांच्यापुढे माझा इलाज नाही. हे मी शनिवारी काकांनाही सांगितलं. हो, तुला न कळवता त्यांच्याकडेच गेले होते. माफी मागितली. त्यांनी मला पोहता येतं का, असं विचारलं. पोहणं शिकवणाऱ्या बाईची भाची असून येत नाही, हे सांगताना घाम फुटला. ते म्हणाले, उद्या माझ्याशेजारी दांडा धरणार असशील तर येतो.

पुढचं तू पाहिलंसच. त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी किंचाळले, हे आईला कळवू नकोस. लोभ ओला आहे, तसाच राहू दे.
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आईला कळवलं.

काल काकांनी दांडा सोडला. सात हात मारले, आठव्याला गटांगळी खाल्ली. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी मला हातानेच बाजूला केलं आणि नाकातोंडातून पाणी काढत पलीकडची भिंत गाठली. नात काठावर उभी होती. ती टाळ्या वाजवायचंही विसरली. काका भिंतीला टेकून एवढे हसले की मला दुसऱ्यांदा धावावं लागलं. भिंगरीला नक्की कळवा, असं तीनदा बजावलंय.

मोबाइल कुणाच्याच हातात नव्हता, म्हणून लिहून कळवते.
तुझी मावशी